सूत अडकतं तिथे

‘कान लाव गो पोरी… आत कोण बोलतंय ते ऐक!’

गोदूआत्याचा आवाज. भिवंडीजवळच्या शेलार गावी, घरामागं न्हाणीच्या चुलीवर तांब्याचा हंडा असायचा. हंडा रिकामा झाला की आत्या त्याला टिचकी मारायची आणि लहानग्या चंद्राचं डोकं धरून तिचा कान त्याच्या अंगाला लावायची. आतून एक बारीक सूर यायचा… लांबत लांबत जाणारा, नदीपलीकडून कुणी हाक मारावी तसा. गोदूआत्या गावची धवळारीण, लग्नाची गाणी म्हणणारी. तिनं धवळे गायल्याखेरीज शेलारात नवरीला हळद लागत नसे. तिचं म्हणणं एकच. धातू काही मुका नसतो, माणसालाच ऐकायला सवड नसते.

आत्या जाऊन बरीच वर्षं झाली. चंद्रा मात्र ऐकतच राहिली. शाळेत ऐकलं, कॉलेजात ऐकलं आणि आता मुंबईच्या एका प्रयोगशाळेत ती तेच काम करत होती. धातूचा छोटासा तुकडा तेलात बुडवायचा, वरून यंत्रानं प्रचंड दाब द्यायचा. मग तुकड्याच्या एका अंगाला हलकासा धक्का द्यायचा, इतका बारीक की कानाला कळू नये. तो धक्का आरपार जातो, पलीकडच्या अंगावर आपटून परत येतो. हाक आणि साद. साद यायला किती वेळ लागला, ते पडद्यावर दिसतं. त्यावरून धातूच्या पोटात अणू कसे थरथरतात ते उमगतं.

तिची आई रंगूबाई शेजारणींना सोपं करून सांगायची, ‘आमची चंद्रा ना, धातूला चेपते आन् कुठं दुखतंय ते इचारते.’

आबांना, म्हणजे सावळाराम पाटलांना, यात हसण्यासारखं काही दिसत नसे. चांगला माणूस, पण गावात राहणारा. ‘आलेली स्थळं मी परत धाडली गो,’ ते म्हणाले होते. ‘आता दसऱ्यापर्यंत. तोवर तुझं काम झालं, पुढचं शिक्षण मिळालं, तर मी आडवा येनार न्हाय. न्हाय झालं, तर मी शोधीन त्या घरी जायचं.’

आणि नेमकं प्रयोगशाळेतलं ते दाबाचं यंत्रही दसऱ्यानंतर दुसऱ्या कुणाच्या कामाला जाणार होतं. दसऱ्याआधी तिला धातूची साद मिळाली, तर बंगळूरच्या प्रयोगशाळेत याहून मोठं यंत्र होतं, तिथं जागा ठेवलेली होती. नाही मिळाली, तर शेलार.

आणीबाणीच्या आदल्या वर्षातली ही गोष्ट. हस्ताचा पाऊस चालू होता. लख्ख ऊन असायचं, आणि मधेच हत्तीनं सोंडेतून फवारा मारावा तशी सर. चंद्रा भिवंडीच्या धामणकर नाक्यावरून चालली होती. यंत्राची एक रिंग झिजली होती, प्रयोगशाळेच्या वर्कशॉपात कामांची रांग होती. तिनं आपल्या मार्गदर्शक सरांना सांगितलं होतं, ‘आमच्या भिवंडीत गल्लीगल्लीत लेथ आहेत, मी करून आणते.’ एका कारखान्याचं नाव कुणीतरी दिलं होतं, ते शोधत होती. तेवढ्यात हत्तीनं सोंड फिरवली. ती धावली आणि दिसेल त्या पत्र्याखाली शिरली.

पत्र्याखाली एक लेथ फिरत होता. दोन्ही अंगांना लूमचे कारखाने — खडाक-खट, खडाक-खट, खडाक-खट. भिवंडीत दोन माणसं गळ्याच्या शिरा ताणून ओरडताना दिसली, तर ती भांडत नसतात. एकमेकांना जेवलास का, म्हणून विचारत असतात.

‘लाटणं घेऊन कुठं निघालाव?’ लेथवरचा तरुण ओरडला.

‘काय?’

‘लाटणं! फडक्यात बांधलेलं!’

‘लाटणं नाही, ब्राँझची कांडी आहे!’

‘आगं बाबो! कोणाच्या डोक्यात घालायची?’

‘अजून ठरलं नव्हतं!’ चंद्रा ओरडली. ‘आता एक डोकं दिसलंय!’

आतल्या अंधारातून खो-खो हसू आलं. चष्मा कपाळावर चढवलेला एक म्हातारा बाहेर आला. गुलाम हुसेन चाचा, कारखान्याचे मालक. ‘मिलाला ना जवाब? लडकू, तू आपला लेथ बघ. बस बेटी, बस. पाऊस जाऊ दे.’

चंद्रानं त्या तरुणाकडं नीट पाहिलं. पत्र्याला टेकेल एवढा उंच. मनगटापासून कोपरापर्यंत पितळेचा किस चिकटलेला, उन्हात चमकणारा. ‘लडकू? एवढ्या मोठ्या माणसाचं नाव लडकू?’

‘लहानपनी ठेवलंय,’ तो गंभीरपणे म्हणाला. ‘तवा बसत व्हतं.’

तिला हसू आवरलं नाही. पापण्यांवरचं पाणी गालावर आलं. त्यानं हात पुसायला ठेवलेल्या सुताच्या गुंत्यातून एक स्वच्छ, पांढरा झुबका निवडला आणि पुढं केला. तिनं तोंड पुसलं. सुताला मशीनच्या तेलाचा वास होता… आणि का कोण जाणे, तो वास तिला वाईट वाटला नाही.

सर थांबली, तरी ती उठली नाही. दुसरा कारखाना शोधायचं तिच्या मनातूनच गेलं. तिनं पिशवीतून आराखडा काढला. बांगडीहून लहान, अंगठीहून मोठी अशी रिंग. एका अंगाला जाड, दुसरीकडं निमुळती होत गेलेली, कडेला पात्यासारखी संपणारी.

‘करून देतो,’ लडकू कागद निरखत म्हणाला. ‘पन हे आहे कशाचं?’

‘सीरियम नावाचा धातू आहे. त्याला दाबायचं आहे, त्याच्यासाठी.’

‘कधी ऐकला न्हाय.’

‘ऐकला नसेल, पाहिला आहेस. लायटरमध्ये असतो. ठिणगी पडते ना, त्या खड्यात.’

चाचांनी खिशातून लायटर काढला, एकदा पेटवला, विझवला. त्याच्याकडं आदरानं पाहिलं. ‘आणि आम्ही समजत होतो, पेट्रोलची कमाल!’

पुढच्या शनिवारी रिंग तयार होती. लडकूनं ती तळहातावर ठेवून पुढं केली. नुकतीच घासलेली, सकाळच्या उन्हासारखी. मग त्यानं एक सूत घेतलं, रिंगच्या कडेवरून सगळीकडं फिरवलं. सूत लोण्यावरून जावं तसं गेलं.

‘बघा,’ तो म्हणाला, ‘कुठंच अडकत न्हाय.’

चंद्रानंही बोट फिरवलं. गुळगुळीत. कुठं खरखर नाही, कुठं बोचणं नाही. तिच्या काकांच्या पडवीत दोन लूम होते. धोट्याला कुठं बारीकशी धार राहिली की सूत तुटतं, हे तिला बोलता येण्याआधीच कळलेलं. ‘छान झाली आहे,’ ती मनापासून म्हणाली. लडकूचे कान लाल झाले. लूम खडखडत होते म्हणून बरं, नाहीतर चाचा काय पुटपुटले ते ऐकू आलं असतं.

मंगळवारी तिनं रिंग यंत्रात बसवली. दाब चढू लागला. काटा हलला… पडद्यावर सादेची रेघ उमटली… थोडी सरकली… आणि फस्सकन तेल! तिच्या साडीवर, चष्म्यावर, सरांच्या पांढऱ्या शर्टावर. काटा धाडकन शून्यावर. पुन्हा लावलं, पुन्हा तेच.

तिनं रिंग काढली, भिंगाखाली धरली. आणि कपाळाला हात लावला. ती निमुळती कडा — जिनं नळीच्या भिंतीला घट्ट चावून बसायचं, तेलाला फटच ठेवायची नाही — ती कडाच नव्हती. कुणीतरी मोठ्या मायेनं ती गोल करून टाकली होती.

त्या शनिवारी ती पत्र्याखाली शिरली ती वादळासारखी.

‘ही कड कुणी घासली?’

‘मी,’ लडकू म्हणाला. स्तुती येणार असं त्याला वाटत असावं.

‘का?’

‘का म्हंजे? टोक व्हतं ना त्याला! आता टोक कोण ठेवतं? सूत तुटंल!’

‘तिथे सूत नाही, लडकू! तिथे तेल आहे! मला ते टोकच हवं होतं! कागदावर काढलं होतं मी!’

‘कागदावर व्हतं…’ त्याचा आवाज उतरला. ‘मला वाटलं, बाईमानूस हाताळनार. बोट कापंल.’

रागाला धरायला काही लागतं ना… आणि हा माणूस हाताला काही लागूच देत नव्हता.

‘माझंही बोट फिरलं होतं त्यावरून,’ ती शेवटी म्हणाली. ‘मीही खूश झाले होते. इतकं शिकून काय उपयोग, भिवंडीची ती भिवंडीचीच!’

चाचा आतून म्हणाले, ‘बेटी, या गावात आमचा पोरगा तलवार बनवंल, तरी तिची धार घासून देईल. त्याला बोलू नको, मला बोल. मीच शिकवलाय.’

कांडीचा उरलेला तुकडा एका रिंगपुरता होता. जेमतेम. परदेशातून मागवलेली ती कांडी. पुन्हा मागवायची तर पुढचा दसरा उजाडला असता. लडकूनं तुकडा हातात घेतला, तोलला, पण लेथला लावला नाही.

‘आधी सांगा,’ तो म्हणाला, ‘आत काय व्हतं ते. मला कळल्याबिगर माझा हात पुन्हा तेच करंल. सवयीचा हात हाय.’

मग तिनं सांगितलं. खडाक-खटच्या वर आवाज काढून सांगितलं. गौरीच्या सणाला बायका हात धरून फेर धरतात ना, तसे धातूत अणू असतात. ओळीत, एकमेकांना धरून. कुणी उभं राहत नाही, प्रत्येक जण डोलतो. एक डोलला की सगळे डोलतात. आता अंगण लहान केलं, तर काय होईल?

‘दाटी व्हईल,’ लडकू म्हणाला. ‘पाय जोरात पडतील. बारीक-बारीक, पन जोरात.’

‘बरोबर! दाब दिला की धातूतली थरथर बहुधा वाढते. हाक घातली की साद लवकर येते. पण सीरियमचं उलटं आहे. त्याला दाबत गेलं की आवाज मंद होत जातो. साद उशिरा, अजून उशिरा…’

‘मुका व्हतो?’

‘मुका नाही. मंद. आणि मग एका ठिकाणी—’ तिनं दोन्ही हात पसरले होते, ते झपकन जवळ आणले— ‘सगळे अणू एकदम जवळ येतात! फेर तोच, ओळ तीच, कुणी आपली जागा सोडत नाही. फक्त मधलं अंतर तुटतं.’

लडकू तिच्या त्या जवळ आलेल्या हातांकडं बघत राहिला.

‘म्हंजे,’ तो सावकाश म्हणाला, ‘जे बोलायचं थांबतं, ते दूर गेलेलं असतं असं न्हाय.’

चंद्रानं हात खाली घेतले.

‘आन् ही साद तुम्हाला मिळाली, तर?’

‘तर बंगळूर. तिथलं यंत्र मोठं आहे. दोन-तीन वर्षं.’

‘आन् न्हाय मिळाली, तर?’

‘तर शेलार. आबांना शब्द दिलाय. ते म्हणतील त्या घरी.’

त्यानं लेथ सुरू केला. मग बंद केला. ब्राँझचा तुकडा उगाच फडक्यानं पुसला.

‘समजा,’ तो तुकड्याकडं बघत म्हणाला, ‘कोणाला वाटत असंल की साद न मिळाली तर बरं… शेलार हाय आमच्या दापोड्यापासून टांग्याच्या अंतरावर… पाटलांच्या दारात जाऊन कोणी विचारलं असतं…’ आणि मग एकदम मान वर करून, ‘तर त्या माणसाला तुम्ही काय बोलाल?’

लूम खडखडत होते. चंद्राच्या ओठांवर उत्तर आलं होतं. पूर्ण आलं होतं. पण तिला गाव माहीत होतं. शेलारात मुलीच्या तोंडून ‘हो’ निघालं की ते वेशीबाहेर जाण्याआधी मांडवाचे खांब रोवले जातात. आबा आनंदानं म्हणतील, झालं तर मग! आता कसलं बंगळूर? शब्द एकदा बाहेर पडला, की दुसरी सगळी दारं आपोआप लागतात. आईनं परवा जात्यावर बसून म्हटलेली ओवी तिला आठवली—

हळद दळिते, जातं बोलं घरघर
मनातलं बोलंना गो, पोर उभी दारावर…

‘मला उशीर होतोय,’ ती म्हणाली. ‘एसटी जाईल.’

‘जाईल,’ लडकू म्हणाला. एवढंच.

ती गेली. चालताना तिच्या लक्षात आलं, एसटी तर उलट्या दिशेला होती.

पुढचे दिवस तिचे कसे गेले ते तिलाच ठाऊक. प्रयोगशाळेत ती नळी पुसायची, तारा जोडायची, सरांशी बोलायची, आणि सगळ्याखालून एक विचार सरकत राहायचा. त्या माणसाच्या हातात आता सगळं आहे. रिंग नीट झाली तर मी जाणार, हे त्याला माहीत आहे. मीच सांगितलं. त्यानं काही वाईट करायची गरज नाही. फक्त सवयीच्या हाताला अडवायचं नाही. कानस एकदा, अगदी हलकी, कडेवरून फिरली की झालं. चूकच म्हणतील सगळे. जी चूक त्यानं आधी केली होती तीच. आणि तुकडा तर संपलेला…

असं झालं तर मला राग येईल का, असं तिनं एकदा स्वतःला विचारून पाहिलं. उत्तर ऐकायला मात्र थांबली नाही.

सप्तमीला ती रिंग आणायला गेली, तेव्हा लडकू नव्हता. कुठल्याशा कारखान्यात लूमचा दांडा मोडला होता, तिकडं गेला होता. चाचांनी रुमालात गुंडाळलेली पुडी दिली. ‘बोट लावू नको म्हणालाय. सूत लावून बघ म्हणालाय.’

तिनं सुताचा एक धागा घेतला आणि कडेवर टेकवला. ओढायचीही गरज पडली नाही. धागा दोन तुकडे होऊन खाली पडला. तिनं दुसरा घेतला, दुसऱ्या बाजूनं टेकवला. तोही तुटला. रिंगभर, चहूकडं, धार होती. स्वच्छ, एकसारखी, कुठं मऊ नाही.

‘चहा घेतेस?’ चाचांनी विचारलं.

तिला मानच वर करता येईना. ‘नको,’ ती म्हणाली.

‘बरं,’ चाचा म्हणाले आणि चष्मा पुसू लागले. चष्मा स्वच्छच होता. ‘आठवडाभर त्या बाजूला दुसरं काम घेतलं नाही त्यानं. कानस उचलून माळ्यावर ठेवली होती. मी विचारलं, ही काय तऱ्हा? म्हणाला, चाचा, समोर दिसली तर हात जाईल.’

अष्टमीला दाब चढला. काटा हलला, सरकला, ज्या खुणेवर मागं तेल फुटलं होतं ती खूण मागं टाकून पुढं गेला. तेलाचा एक थेंब बाहेर आला नाही. पडद्यावर सादेची रेघ उजवीकडं, उशिराकडं सरकू लागली. सीरियम मंद होत होता. अजून दाब… अजून मंद… सर श्वास धरून उभे. आपल्या डोक्यावर हवेचा जेवढा भार असतो, त्याच्या काही हजारपट दाबाखाली तो इवलासा तुकडा जणू बोलता बोलता थबकला… आणि मग रेघेनं उडी मारली. काटा थरथरला. आत, कुणाच्या डोळ्यांना कधी दिसणार नाही अशा अंगणात, सगळा फेर एका क्षणात जवळ आला होता.

सरांनी टाळी वाजवली. ‘बंगळूरला आजच कळवतो!’

चंद्रा हसली, रडली, पुन्हा हसली. सरांना वाटलं, आनंद झाला. खरंच झाला होता. पण आनंद सांगायला जे माणूस हवं असतं, ते तिथं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी खंडेनवमी. ती सकाळीच निघाली. भिवंडीत उतरली, शेलारचा टांगा समोर उभा होता. तिनं तो सोडला आणि धामणकर नाक्याकडं वळली. वळली आणि थबकली. काहीतरी चुकत होतं. रस्ता तोच, दुकानं तीच, पण… आवाज! आवाजच नव्हता. त्या वर्षी खंडेनवमी शुक्रवारी आली होती. लूमची आठवड्याची सुट्टी शुक्रवारची, आणि वर हत्यारं पुजायचा दिवस. जे शुक्रवारी चालायचे तेही बंद, जे नवमीला चालायचे तेही बंद. नाक्यावर चिमण्या ऐकू येत होत्या. तिला त्या तिथं असतात हेच माहीत नव्हतं.

पत्र्याखाली लेथला झेंडूची माळ घातली होती. कुंकवाचं बोट ओढलं होतं. चाचा नमाजाची तयारी करायला घरी गेले होते. लडकू एकटाच, आंघोळ करून, पांढरा सदरा घालून, पान्यांची ओळ मांडत होता. हातावर पितळेचा किस नव्हता. ओळखू येईना असा दिसत होता.

त्यानं पाहिलं. उभा राहिला. तिचा चेहराच सांगत होता.

‘मिळाली,’ ती म्हणाली.

‘मंद झाला?’

‘मंद झाला. आणि मग जवळ आला. एका झटक्यात.’

त्याचा चेहरा उजळला. खरोखर उजळला, तिनं निरखून पाहिलं, त्यात कुठं खोट सापडेना. ‘म्हंजे बंगळूर.’

‘हो.’

‘लय बेस झालं.’ त्यानं एक पाना उचलला, होता तिथंच परत ठेवला. ‘तिकडं थंडी असती म्हनं.’

‘लडकू.’

‘हां?’

‘तुझ्या मनात आलं होतं ना? कड जरा मऊ ठेवावी?’

बाहेर कुणीतरी दुकानाच्या फळ्यांवर तोरण ठोकत होतं. टक, टक.

‘आलं व्हतं,’ तो म्हणाला. ‘खोटं कशाला बोलू? कानस हातात घेतली व्हती. म्हटलं, कोणाला कळनार? मग वाटलं… तुम्ही शेलारला राहाल. दळाल, कांडाल, माझ्याशी हसून बोलालसुद्धा. पन मधेच हात थांबंल, आन् कान कुठंतरी लागंल. काय ऐकायचं राहिलं म्हनून. ते मला बघवलं नसतं. मग कानस माळ्यावर टाकली.’ आणि मग, खाली बघत, ‘त्या दिवशी मी जे इचारलं, ते इसरा. कामाच्या गडबडीत माणूस काय बी बोलतो.’

चंद्रानं तोंड उघडलं. इतके दिवस जे ओठांच्या आत होतं ते पुढं आलं, पण आवाज निघाला तो नुसता वाऱ्यासारखा. तिचं तिलाच ऐकू आलं नाही.

‘काय?’ लडकू पुढं वाकला.

तिनं पुन्हा म्हटलं. पुन्हा तसंच… पान हलावं एवढंच.

‘न्हाय ऐकू आलं,’ तो म्हणाला, आणि त्याच्या डोळ्यांच्या कोपऱ्यात कुठूनसं ते पहिल्या दिवसाचं हसू परत आलं. ‘भिवंडी हाय बाई. इथं मोठ्यानं बोलावं लागतं.’

तिनं बाहेर पाहिलं. तोरण बांधणारा शिडीवर होता. समोर टांगेवाला घोड्याला चंदी घालत होता — शेलारचाच टांगा, शेलारचाच माणूस. संध्याकाळपर्यंत सगळ्या गावात, आबांच्या पडवीपर्यंत जाईल. जाऊ दे. गावात जायचाच असेल तर शब्द अर्धा कशाला जावा? पुरा जाऊ दे. दोन्ही टोकांसकट.

तिनं पदर खोचला, श्वास भरून घेतला, आणि दोन्ही बाजूंचे लूम जणू एकदम खडखडू लागलेत अशा आवाजात, त्या चिमण्यांच्या शांततेत, नाक्याभर घुमेल असं सांगितलं—

‘मी बंगळूरला जाणार आहे! आणि लग्न करीन तर लडकूशीच करीन! थांबायचं असेल तर थांब म्हणावं त्याला! मला आवडतो तो! पहिल्या दिवसापासून आवडतो!’